स्टूलची करकर

पन्नाशीत मी स्टुडिओत ड्रमसमोर माईक लावायला शिकतोय. घरी मी साधा पंखा दुरुस्त करायला उठलो तरी बायको आधी मेन स्विच बंद करते. पण ड्रम वाजवणाऱ्या धाकट्या भावाच्या, सुधीरच्या, खांद्यातली गाठ परवा काढणार आहेत. हात पुन्हा उचलता येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. म्हणून हे रेकॉर्डिंग.

प्रत्येक ठोक्यामागून हेडफोनमध्ये बारीक कण्हणं येत होतं. माईक सरकवला, वळवला, तरी येतच राहिलं. नको ते न ऐकण्याची कला माणसांनाच जमते, माईकला नाही.

“दादा, वजन वाढलंय रे माझं, स्टूल करकरतंय,” वाळून काटकी झालेला सुधीर म्हणाला.

“घालू तेल,” मी म्हणालो आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.