एका गाडीचा वर्ग

बाळांनो, चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतले आमचे मेकॅनिक काका रद्दीतून परदेशी मोटार-मासिकं आणत आणि माझ्याकडून मराठीत वाचून घेत. एकदा लांब पल्ल्याच्या शर्यतींचे नवे नियम वाचताना, प्रत्येक प्रकारच्या गाड्यांचा वेगळा वर्ग आणि वेगळा विजेता असं आलं, तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "वेगवेगळे वर्ग? मग आमच्या म्हातारीला पण चान्स आहे की!"

म्हातारी म्हणजे त्यांची जुनी मोटार. लगेच त्यांनी मेकॅनिक मंडळींची तीन तासांची शर्यत ठरवली. रविवारी कारखाने बंद, रस्ते रिकामे. जुन्या गाड्यांच्या वर्गात त्यांची एकटीच. जिंकायला शर्यत पूर्ण करणं पुरेसं होतं.

शेवटच्या रेषेआधी दहा हातांवर ती बंद पडली. सगळे धक्का द्यायला धावले.

"हात लावू नका रे! नियम आहे." मग काका मला ओरडून म्हणाले, "बाई, स्टार्टरवर चालेल?"

मी घाईघाईने मासिकातलं नियमांचं पान पाहिलं. गाडीने स्वतःच्या बळावर रेषा ओलांडावी, एवढंच होतं.

"चालेल!"

गिअर टाकून ते चावी फिरवत राहिले. इंजिन बंदच; स्टार्टर फिरवणाऱ्या नुसत्या बॅटरीवर गाडी बेडकासारखी उड्या मारत पलीकडे गेली.

"काका, दुसरा नंबर कोणाचा?" कुणीतरी चिडवलं.

"हसा! पुढे तुमच्याही गाड्या म्हाताऱ्या होतील, हाच वर्ग मोठा होणार. तेव्हा जागा मागायला माझ्याकडेच याल!"