कोमट पाण्याचा बोअर

केजहून नांदूरघाटकडं जाणाऱ्या एसटीत मी आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. मागच्या वर्षी इंडोनेशियात, ज्वालामुखीच्या कढईत (स्फोटानंतर जमीन खचून झालेल्या अफाट खड्ड्यात), आम्ही याच यंत्रानं भूगर्भातली उष्णता मोजली होती. तिथं त्या उष्णतेवर वीज तयार होते. मराठवाड्याचा कातळही कधीकाळचा लाव्हाच. त्याच्या पोटात किती ऊब आहे, हे ताडून पाहायचं होतं. बाहेर रानं भेगाळलेली होती आणि सीताफळाच्या झुडपांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या.

नांदूरघाटच्या अलीकडं एका वस्तीवर पाणीपुरवठा सहकारी संस्थेचा खोल बोअर होता. पाणी कोमट येई, म्हणून मी तो निवडलेला. त्या दुष्काळात आसपास तेवढाच चालू होता. संस्थेचे अध्यक्ष भगवानराव यांनी धपाटे-दही पुढं ठेवलं आणि बजावलं, "दुपारी पानी सोडायचं हाय, म्याडम. टँकर परवा येनार."

मेकॅनिक सलीमभाईंनी मोटार वर काढली. मी यंत्र केबलला बांधून मोटारीच्या जागेच्याही पुष्कळ खाली सोडलं. मोजलेले आकडे यंत्रातच साठतात. ते वर आल्याशिवाय वाचता येत नाहीत. वर घेताना केबल एकाएकी ताठ झाली.

"कावून (का) थांबलं?" भगवानरावांनी विचारलं.

"अडकलंय."

तासभर आम्ही केबल ढिली सोडत, ओढत राहिलो. बाया घागरी घेऊन जमल्या. शेवटी त्यांच्यातल्या पार्वतीमावशी पुढं आल्या. "हे न्हाई निघालं तर मोटार बसंल का?"

"केबल आत आहे तोवर नाही."

सलीमभाई म्हणाले, "उद्यापस्तोर हळूहळू हालवलं तर निघंल बी. जोरात वढलं तर?"

यंत्राच्या डोक्याशी केबलचा सांधा मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. तो तुटला तर यंत्र खाली राहतं, केबल सुटते. पण केबल मध्येच तुटली, तर बोअरच गेला. आमच्याकडं दुसरं यंत्र नव्हतं. मी घागरींकडं पाहिलं.

"ओढा," मी म्हणाले.

सहा जण केबलला लागले. खालून खाडकन आवाज आला आणि केबल ढिली पडली. मी ती गुंडाळत वर घेतली. टोक वर आलं. सांधाच तुटला होता. सलीमभाई मोटार पुन्हा खाली सोडायला लागले.

ऊन कलताना पाणी आलं. पार्वतीमावशींनी पहिला तांब्या माझ्यापुढं धरला. "परत मिळंल का तुमाला तसलं यंत्र?"

"माहीत नाही, मावशी."

तांब्या रिकामा झाल्यावर त्यांनी पुन्हा भरून दिला.

पुण्यात परतल्यावर प्रयोगशाळेच्या साहेबांनी एवढंच विचारलं, "एक दिवस थांबता आलं नसतं?" मला आलं असतं. वस्तीला नसतं आलं. अहवालात त्या बोअरपुढचा तापमानाचा रकाना मी कोरा ठेवला आणि शेऱ्यात लिहिलं: बोअर चालू आहे.