दत्ताचं गाव माझगावात

आमच्या लालबागच्या नाट्यमंडळानं आयुष्यात एकच टेलिफिल्म केली, तीही बारा दिवसांत. पण तिचे किस्से अजून संपत नाहीत. मिलच्या साचेखात्यात झाडू मारून पाठ वळवली की पुन्हा कापसाची धूळ बसायची, तसं आहे हे. त्यातला कुठला किस्सा आधी घडला याबद्दल माझाच गोंधळ आहे, कारण फिल्मसुद्धा उलटसुलट काढली होती. मधलं आधी, सुरुवात सगळ्यात शेवटी.

मी मंडळाचा प्रॉम्प्टर. हिरो आमचा दत्ताराम. एकाच मिलमध्ये शेजारशेजारच्या साच्यांवर आम्ही वीस वर्षं कापड विणलं. संप झाला, मिल बंद पडली ती पडलीच. मी एका दुकानात चिकटलो. दत्तानं बायको-मुलीला गावी मालवणला नेऊन सोडलं आणि महिन्याभरात एकटा परत आला. "मिलचं पत्र आलंय, कधीपण चालू होईल," म्हणायचा. याला पाच वर्षं झाली होती. वहिनींच्या पत्रात एकच प्रश्न असायचा, येताय की नाही ते एकदा सांगा. दत्ता ते पत्र घडी करून खिशात ठेवायचा आणि विषय बदलायचा. मला त्याचा रागही यायचा आणि कीवही.

*

दिग्दर्शक गिरगावातले कर्णिक. गोष्ट त्यांचीच. एक गिरणी कामगार बायको-पोरांना घेऊन कायमचा गावी राहायला जातो. त्या घराच्या माळ्यावर कोणीतरी चालतं, परसात रक्तानं माखलेला कोयता सापडतो. हे सगळं कोण करतंय, ते कर्णिक सांगेनात. शेवटचं पान त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवलं होतं. "कळलं तर तुमच्या चेहऱ्यावर दिसेल," म्हणाले. त्यामुळे मंडळातला प्रत्येकजण गुन्हेगार आपणच असं समजून चोरासारखा वावरत होता. मी तर पडद्यावर नव्हतोच, तरी दोन दिवस मलाही शंका येत होती.

दत्ताला मात्र गोष्टच पटेना.

"साहेब, गावात खून कसो होतलो?"

"का नाही होणार?"

"गावात माणूसच रवलो नाय. मारतलो कोणाक?"

*

मालवणला जायचं बजेट नव्हतं. म्हणून फिल्ममधलं गाव माझगावात केलं. तिथल्या ख्रिस्ती फिलूआंटींचं जुनं घर, लाकडी व्हरांडा, कौलं, मागं आंब्याचं झाड. अडचण एकच, अंगणात सिमेंटचा क्रूस. कर्णिकांना तिथं तुळशीवृंदावन हवं होतं.

"तुलस ठेव," आंटी म्हणाल्या, "पन माजा क्रूस नाय हलाचा."

शेवटी थर्माकोलचं वृंदावन क्रूसाच्या बरोबर पुढे उभं केलं. रोज तिन्हीसांजेला आंटी येऊन दोघांपुढे एकेक मेणबत्ती लावायच्या. थर्माकोल जळू नये म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन बसायचो. हा तुळशीपूजेचा कुठला प्रकार, ते एका पाहुण्यानं मला विचारलं. मी कोकणी पद्धत म्हणून सांगितलं.

*

हिरोची बायको झाली होती वरळी कोळीवाड्यातली हिराबाई. मंडळातली एकमेव खरी नटी, सकाळी मासळी विकून यायची. सीन असा, की खिडकीत अनोळखी चेहरा दिसतो आणि ती किंचाळते.

पहिल्या टेकला चेहरा दिसल्याबरोबर हिराबाई कमरेवर हात ठेवून खिडकीशी गेली. "कोन रं तू? बाहेर कनाला उबा? आत ये, चाय पी."

कर्णिकांनी समजावलं, की ही बाई घाबरते. हिराबाई म्हणाली, "घाबरते तर मंग खिडकी उगडी कनाला ठेवते?"

*

आता कुजबुजीचा किस्सा. दत्तानं बायकोच्या कानात म्हणायचं होतं, "दार उघडू नकोस." वीस वर्षं साच्यांच्या खडखडाटात काढलेला माणूस, त्याला हळू बोलताच येत नव्हतं. तो कुजबुजला आणि मागच्या खोलीतून आंटींचा आवाज आला, "कोन दार उगडते?"

पाच टेक झाले. शेवटी मी म्हटलं, "दत्ता, हातानं बोल." साचेखात्यात आम्ही तसंच बोलायचो. दत्तानं दोन बोटं डोळ्यांखाली लावली, मग तळहात छातीवर आपटून पुढे गोल फिरवला. कर्णिक हरखले. "विलक्षण! याचा अर्थ काय?"

मी सांगितलं, "माझ्या साच्यावर लक्ष ठेव, मी चहा पिऊन येतो."

तरी त्यांनी तो शॉट ठेवला. फिल्म टीव्हीवर लागल्यावर अर्धी चाळ मला विचारत होती, की ती खूण कोणाला होती.

*

माझगावात गोदीचा भोंगा होतो, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. माळ्यावर पावलं वाजतायत, सगळे श्वास रोखून बसलेत, आणि भोंगा झाला. दत्ता सरळ उठला आणि डबा शोधायला लागला. कर्णिक ओरडले, "अहो, उठलात का?"

"भोंगा झाला ना."

मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो पुन्हा बसला. कोणी हसलं नाही.

*

अकराव्या दिवशी कर्णिकांनी शेवटचं पान काढलं आणि मी ते दत्ताला वाचून दाखवलं. माळ्यावर चालणारा, कोयता ठेवणारा दुसरा कोणी नव्हता. बापच होता तो. घरच्यांनी घाबरून म्हणावं, चला परत मुंबईला, एवढ्यासाठी.

दत्तानं ते पान माझ्या हातातून घेऊन उलटसुलट पाहिलं. मग मला म्हणाला, "बाबल्या, हे कर्णिकांना कोणी सांगितलं?"

"काय?"

"गावाहून निघताना मी तर नुसतं मिलचं पत्र आलं म्हणालो होतो."

*

बाराव्या दिवशी फिल्मचा पहिला सीन. कुटुंब चाळ सोडून गावी निघतं. खरी चाळ, दत्ताचीच खोली, दारात टेम्पो. शूटिंग आहे हे सगळ्यांना सांगितलं होतं. तरी संपानंतर असे किती टेम्पो भरलेले पाहिले होते लोकांनी, पहिल्या टेकलाच बायका रडायला लागल्या. समोरच्या खोलीतल्या शेजारणीनं दत्ताच्या हातावर दही घातलं. कर्णिक खूश.

दुसऱ्या टेकला पुन्हा दही, पुन्हा रडणं. तिसऱ्याला शेजारीण म्हणाली, "भावोजी, आता ताक झालं." रडणंही आटलं होतं.

ट्रंक उचलायचं काम ऐनवेळी माझ्याकडे आलं होतं. तिन्ही वेळा रिकामी, एका हातानं उचलली. चौथ्या टेकच्या आधी दत्ता म्हणाला, "पाच मिनिटं," आणि खोलीत गेला. टेक सुरू झाला, मी ट्रंकेला हात घातला, ती हलेना. मी आणि टेम्पोवाला, दोघांनी मिळून चढवली.

टेम्पो निघाला. दत्तानं मागून माझ्याकडे पाहिलं. दोन बोटं डोळ्यांखाली लावली, तळहात छातीवर आपटून पुढे गोल फिरवला. मी सवयीनं मान हलवली.

कर्णिक "कट" म्हणाले. टेम्पो थांबला नाही. थोड्या वेळानं हिराबाई फिल्ममधल्या पोरांना घेऊन चालत परत आली. "आमाला नाक्यावर उतरवला नि तो गेला," म्हणाली.

कर्णिक स्क्रिप्टची पानं मागंपुढं करत माझ्याकडे आले. "अहो प्रॉम्प्टर, हे कुठल्या पानावर आहे?"