उत्तरेच्या बाजूची वाकळ

थंडीची बातमी लागली की मी टीव्हीचा आवाज बारीक करतो. घरच्यांना वाटतं, मला कानाचा त्रास आहे. तसं मीच सांगून ठेवलंय. आधी दिल्लीचं धुकं दाखवतात, मग काश्मीरातलं गोठलेलं तळं, मग नाशिक, परभणी, आणि एखाद्या वर्षी शेवटी आमचा जिल्हाही. इतक्या वर्षांत अशी थंडी पडली नव्हती, असं ती बातम्या देणारी पोरगी हसत सांगते. तिचं काही चुकत नाही. पण मला त्या वाक्यापुढं बसवत नाही.

माय गेली त्या हिवाळ्यातही हीच बातमी होती. आमचं नाव टीव्हीवर आलं म्हणून गावात सगळे खुशीत. पारावर शेकोटीपाशी एकजण म्हणाला, "आता काश्मीरला जायाचं काम न्हाय. बायकूला म्हणलं, अंगणात हुबी ऱ्हा, फोटू काढतो, पावण्यांना धाडू." मीही हसलो. मग तसाच बागेकडं गेलो.

जळकोटपासून आत आमची द्राक्षाची बाग आहे. मण्यात नुकतं पाणी उतरायला लागलं होतं. त्या दिवसांत गारठा बसला की मणी तडकतो आणि वर्षाची मेहनत घडातच सडते. पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबकचं पाणी सोडायचं, आणि वारा येतो त्या बाजूला तारांवर जुन्या साड्या बांधायच्या, एवढंच आमच्या हातात असतं. त्या वर्षी घरोघर फिरून साड्या मागितल्या. मिळाल्या तेवढ्या बांधल्या. उत्तरेच्या बाजूला थोडी जागा उघडी राहिली. वारा नेमका तिथून आत घुसायचा.

संध्याकाळी जेवताना मी ते बोललो. सकाळी बघतो तर माय उन्हाला बसून तिची वाकळ उसवतेय. ती वाकळ तिनंच शिवलेली. आत आजीचं लुगडं, वर तिची स्वतःची, आणि एका कडेचे टाके अक्काचे, लग्नाआधी घातलेले. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, भूम तालुक्यात ईटला दिलेली.

"माय, हे काय चाललंय?"

"तुझ्या येलीला थंडी वाजतीया न्हवं? मग?"

"आन् तू काय पांघरणार?"

"मला चादर हाय की. मी काय घड हाय व्हय, तडकायला?"

मी हसलो. खरंच हसलो. बाजारातून जाड ब्लँकेट आणतो म्हणालो आणि ते उसवलेले थर गोळा करून बागेत घेऊन गेलो. ब्लँकेट त्या दिवशी आणलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बागेतनं पाय निघत नव्हता.

इथपर्यंतचं मी मनाशी पुष्कळदा म्हणून बघितलंय. इथपर्यंत कुणीही मला माफ करील. पुढचं कधी म्हणून बघितलं नाही.

त्यानंतर एका पहाटे शेकोट्या पेटवायला निघालो. मायच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ती बाजेवर उठून बसलेली. चादर डोक्यावरून घेतलेली, आणि दोन्ही पाय खताच्या रिकाम्या पोत्यात घातलेले, गुडघ्यापर्यंत. पोत्याचं तोंड तिनं हातानं आवळून धरलं होतं. तिनं मला बघितलं नाही. मी तिला बघितलं.

माझ्या अंगावर त्या वेळी लोकरी स्वेटर होता, त्यावर जाकीट. मनात आलं, थांबावं. जाकीट काढून द्यावं, चूल पेटवावी. त्याच्या पाठोपाठ आलं, उजाडायच्या आत शेकोट्या पेटल्या पाहिजेत. थंडी काय, दोन दिवसांत ओसरेल. आणि मी चपला न वाजवता पुढं गेलो. हे मुद्दाम लिहितोय. चपला वाजू नयेत, अशी काळजी मी घेतली.

माय मग खोकायला लागली. तिला जुना दमा होता. तालुक्याला नेलं, दवाखान्यात ठेवलं, आणि ती परत आली नाही. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. मला कुणी काही विचारलं नाही. बाग मात्र वाचली. घड असे भरले की लोक बघायला यायचे, आणि मी त्यांना फिरवून दाखवायचो.

दहाव्याला अक्कानं विचारलं, "मायची वाकळ कुठाय रं? मला न्यायची हाय."

मेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण आमच्याकडं स्मशानातच सोडतात. ते मला त्या क्षणी सुचलं. म्हणालो, "तिच्यासंगंच गेली, अक्का. तिला थंडी वाजंल म्हणून दिली."

अक्का रडली. माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "बरं केलंस."

तिथंच संपलं असतं तर मी निभावलं असतं. पण अक्काच्या मनाला ते फार भिडलं. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडं सगळं गणगोत रानात जेवायला येतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पूजा करायची, मग हिरव्या शेंगा-भाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. अक्का दरवर्षी न चुकता येते, आणि दरवर्षी नव्या सुनांना, जावयांना सांगते, "माझा भाऊ बोलत न्हाय, पण काळीज बघा. मायला थंडी वाजंल म्हणून वाकळ संगं धाडली ह्यानं." सगळे माझ्याकडं बघतात. मी आंबिलीच्या मडक्याकडं बघतो.

यंदा तिनं ते माझ्या मुलाला मुद्दाम समोर बसवून सांगितलं. आणि मुलगा माझ्याकडं ज्या नजरेनं बघायला लागला, ती मला सहन झाली नाही.

जेवणाआधी रानाच्या कडेनं चर शिंपत, म्हणजे आंबील शिंपडत, फिरायचं असतं. आंबिलीचं भांडं घेऊन मी निघालो, अक्का मागून आली. बागेच्या उत्तरेच्या बाजूला आल्यावर मी थांबलो.

"अक्का, वाकळ मायसंगं गेली न्हाय."

"मग?"

"हितं बांधली व्हती. ह्या तारंला."

"गप ए. सणासुदीचं काय बी बोलतूस."

"खरं सांगतूय. तिनंच उसवून दिली. मी घेतली."

ती तारेकडं बघत राहिली. मग म्हणाली, "दिली तर दिली. ती तसलीच व्हती. येवढ्यासाठी खोटं बोललास व्हय, खुळ्या?"

तिचा हात माझ्या पाठीकडं येत होता. तो पाठीवर पडला असता तर मी पुन्हा गप्प बसलो असतो. म्हणून घाईघाईनं उरलेलं सांगून टाकलं. पोतं. दार. चपला.

"तू बघितलंस?"

"व्हय."

"आन् पुढं गेलास?"

"व्हय."

तिनं माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि पुढं होऊन उरलेल्या कडेनं एकटीनं शिंपत गेली. जेवायच्या पंगतीत तिची धाकटी सून म्हणाली, "आत्याबाई, ते वाकळंचं सांगा की." अक्का म्हणाली, "जेव आधी. भज्जी गार व्हतीया." जाताना तिच्यासाठी बांधलेला भज्जीचा डबा कोपीतच राहिला. विसरली की ठेवून गेली, मी विचारलं नाही.

मग थंडी पुन्हा वाढली. टीव्हीवर पुन्हा दिल्ली, काश्मीर, आम्ही. अक्काचा फोन येत नव्हता. एरवी ती एक दिवसाआड करते. मीही केला नाही. काय बोलणार होतो?

परवा दुपारी आला.

"गारठा लई हाय का तिकडं?"

"हाय."

"हितं बी हाय."

मग म्हणाली, "ते पोतं कसलं व्हतं?"

"युरियाचं."

"धुतलेलं व्हतं का?"

न धुतलेल्या खताच्या पोत्यानं अंगाची आग होते. मायचे पाय भेगाळलेले असायचे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक. धुतलेलं होतं, असं म्हणणं सोपं होतं. कुणालाच तपासता आलं नसतं. ओठावर आलंही होतं.

"मला म्हायती न्हाय, अक्का. मी तेवढा वेळ थांबलोच न्हाय."

तिनं फोन ठेवला नाही. तिच्या मागं कुणीतरी म्हशीला हाकलत होतं, भांडं पडल्याचा आवाज झाला. मी फोन कानाला धरून तसाच बसून राहिलो. तीही तिकडं तशीच बसली असावी.