दोरीवरची फ्रेंच वाक्यं

इंदू गेल्याचं मला पार्ल्याच्या बाजारात, मेथीची जुडी निवडताना कळलं. तिच्या वहिनी समोर आल्या. "आमच्या वन्सं गेल्या हो, परवा. विषमज्वर झाला होता. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं..." आमची मैत्री शाळेपासूनची. त्या घरात इंदूच्या बाबतीत बरंच काही असं राहून गेलं.

मॅट्रिकची मुलं तिच्याकडे फ्रेंच शिकायला येत. मागच्या व्हरांड्यात कपड्यांची दोरी होती. मुलांनी कागदाच्या पट्ट्यांवर एकेक वाक्य लिहायचं आणि दोन पट्ट्या जोडून लाकडी चिमट्याने दोरीला लावायच्या. चिमट्यांवर तिने शाईने जोडशब्द लिहिले होते. 'मे' म्हणजे पण, 'दोंक' म्हणजे म्हणून, 'पार्स क' म्हणजे कारण. कुणी चुकीचा चिमटा लावला की ती म्हणायची, "पाऊस पडतोय, म्हणून तू छत्री विसरलास? वा रे वा! आईला सांग हं असं." मुलं हसत. सुटी वाक्यं मात्र तिला चालत नसत. "काय झालं ते कुणीही सांगेल. का झालं ते सांग."

फ्रान्सला जाऊन शिकायची शिष्यवृत्ती तिला मिळाली, तेव्हा मी त्यांच्याकडेच होते. तिचे दादा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तिथे जाऊन काय दिवे लावणार आहेस? आईचं कोण करणार?"

"वहिनी आहे ना, दादा."

"तिला तिचा संसार आहे."

आई पुढे वर्षभरात गेल्या. तोवर शिष्यवृत्ती दुसऱ्याच कुणाला मिळाली होती. इंदूने शिकवलेली मुलं परदेशी गेली, तिथून रंगीत कार्डं पाठवू लागली. ती कार्डं दादा पाहुण्यांना कौतुकाने दाखवत. एकदा न राहवून मी विचारलं, "तू भांडली का नाहीस गं?"

"दादा नको म्हणाला," ती म्हणाली आणि थांबली... मी वाट पाहिली. पुढचं वाक्य आलं नाही.

मागल्या आठवड्यात दादा-वहिनींना भेटायला गेले. दादा म्हणाले, "तिला घर सोडून जायची हौसच नव्हती. आम्ही कधी अडवलं नाही." मी उठून मागच्या व्हरांड्यात गेले. दोरीवर त्यांची धोतरं वाळत होती, इंदूच्याच चिमट्यांनी लावलेली. शाई कपड्यांना लागते म्हणून वहिनींनी सगळे चिमटे सोड्याच्या पाण्यात घासून काढले होते. एकावरचं 'मे' तेवढं लाकडात मुरलं होतं.

"हा एक काही केल्या निघत नाही, बघा," वहिनी म्हणाल्या.