बटणाखालचे तीन वेढे

"उलटा कर. आत बघ."

शिवणाच्या बाई समोरच्याच्या शर्टाचं टोक चिमटीत धरून उलटं करायच्या आणि हे म्हणायच्या. मुलगा असो, शिपाई असो की शिक्षणाधिकारी. एकदा स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्या नव्या रेडिमेड शर्टाची शिवण सगळ्यांदेखत तपासली होती. मी तेव्हा नुकताच नाशिकच्या इंदिरानगरमधल्या त्या शाळेत लागलो होतो. वाटलं, बाईंचा एखादा स्क्रू ढिला असावा. तुमच्याही शाळेत अशा एक बाई असतीलच.

नव्वदचं दशक होतं. मुलांना छापील नावाच्या टी-शर्टांचं वेड लागलं होतं. कार्यानुभवाच्या तासाला बाई रुमालाच्या कडा शिकवायचं सोडून भलतेच प्रश्न विचारायच्या. "हा कोणी शिवला? शिवणारी जेवली कधी? तिला बसायला खुर्ची होती का?" मुलं हसायची. मग एखादी मुलगी म्हणायची, "बाई, दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला तुला काय करायचंय?" बाई खूश व्हायच्या. "आता उद्या परत विचार."

त्या जूनमध्ये शाळेचे नवे गणवेश आले. ते काम माझ्याकडे होतं. ठेकेदार मी सुचवला होता, कारण त्याचा भाव सगळ्यांत कमी होता. बाईंनी सवयीनं एक शर्ट उलटा केला, बटण चिमटीत धरून ओढलं आणि शर्ट माझ्यापुढे धरला.

"सर, बटणाखाली दोऱ्याचे तीन वेढे आहेत. गाठ आत दडवली आहे. असं मी शिकवते. नाशिकमध्ये दुसरं कोणी शिकवत नाही. आणि इतकी सफाई एका मंदालाच जमली, हे माझ्या मंदाचं काम आहे."

मंदा दोन वर्षांपूर्वी शाळा सोडून गेली होती. पेठकडच्या डोंगरातून मजुरीसाठी आलेलं कुटुंब. आपल्या पायावर उभी राहील, म्हणून बाईंनी तिला शिवण जीव तोडून शिकवलं होतं.

शनिवारी बाई नववीचा वर्ग घेऊन अंबडच्या औद्योगिक वसाहतीत निघाल्या. ठेकेदाराचा पत्ता माझ्याकडे होता, म्हणून मीही गेलो. पत्र्याची शेड होती. आत मशिनी चालू होत्या आणि दाराला बाहेरून कुलूप होतं.

बाहेरून कुलूप आणि आत माणसं! मुलं माझ्याकडे बघत होती. खिडकीच्या जाळीतून कोणीतरी ओरडलं, "बाई!"

ठेकेदार धावत आला. "माल चोरीला जातो हो, म्हणून लावतो." बाई एवढ्या मोठ्यानं बोलू शकतात हे त्या दिवशी कळलं. त्यांनी कुलूप काढायला लावलं, मंदाला हाताला धरून बाहेर आणलं आणि सर्वांसमोर सांगितलं, "ही माझी विद्यार्थिनी आहे." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मंगळवारी मंदा शाळेच्या फाटकाशी उभी होती. ठेकेदारानं तिला कामावरून काढलं होतं.

"बाई, तुमी मला इचारलंच नाय," ती म्हणाली. "मला कुलूप नको होतं. काम पायजे होतं."

बाईंनी मंदाला तशीच नववीच्या वर्गात नेलं आणि मुलांपुढे तिला हात जोडले. "कपडा कोणी शिवला हे विचारायला मी तुम्हाला शिकवलं. जिनं शिवला तिला काय हवंय, हे विचारायचं मात्र मीच विसरले. मंदा, माझं चुकलं." मंदा रडायला लागली. "नका ना, बाई." एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी दुसऱ्या कुठल्या शिक्षकाला असं करताना पाहिलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात शाळा समितीची बैठक झाली. बाईंचं म्हणणं साधं होतं. ठेकेदार तोच ठेवा, पण दार उघडं राहील आणि मंदा परत कामावर येईल, हे त्याच्याकडून लिहून घ्या. अध्यक्ष म्हणाले, "शाळेनं नसत्या भानगडीत पडू नये. आणखी कोणाला काही बोलायचंय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. कुलूप मीही पाहिलं होतं. पण त्याच वर्षी मी नोकरीत कायम होणार होतो. मी बशीतला चहा प्यायलो.

काम दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलं. त्याचं दार कसं होतं, ते मी कधी पाहायला गेलो नाही. बाई मला त्यावरून एका शब्दानंही बोलल्या नाहीत. दोन वर्षांनी निवृत्त झाल्या.

बऱ्याच वर्षांनी त्या वारल्या, तेव्हा मी मुख्याध्यापक झालो होतो. अंत्यदर्शनाला त्यांच्या घरी गेलो, तर दारात एक स्त्री पुढे आली. पदर सावरून म्हणाली, "सर, मी मंदा. मी आता नाशिक रोडला शिवणाचं दुकान चालवते. दोघीजणी आहेत माझ्याकडे कामाला."

मी दाराशी चपला काढल्या.

"काम गेलं तेव्हा मशीनला हातच लावू नये वाटायचं," ती म्हणाली. "बाई घरी येऊन बसायच्या. म्हणायच्या, सगळी माणसं सारखी नसतात, मंदा. त्या मीटिंगीत एक सर तुझ्यासाठी उभं राहून भांडले. नाव मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. ते तुम्हीच ना, सर?"

आत बाईंना शेवटचं नेण्याची तयारी चालली होती. मंदा माझ्या पाया पडायला वाकली.

मी तिला थांबवलं नाही.