कच्ची भिंत

खात्यातली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. हे मात्र आठवलं की अजून डोकं तापतं.

मी तेव्हा बेंगळुरूत, पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या एका पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. हद्दीतल्या एका कारखान्यात इमारतींसाठी काँक्रीटच्या तयार भिंती बनत. लोखंडी साच्यात सळ्या आणि उचलण्याचे हुक बसवायचे, काँक्रीट ओतायचं, ताडपत्रीखाली वाफ देऊन ते घट्ट होऊ द्यायचं आणि मग क्रेननं अख्खी भिंत उचलायची. उचलतानाच एक भिंत निसटली आणि तिच्याखाली सापडून एक मजूर जागीच गेला.

मजूर दारू पिऊन खाली शिरला, असा जबाब मॅनेजरने दिला. क्रेनचालकानेही तोच दिला, अगदी त्याच शब्दांत. दोघांचे शब्द इतके जुळले की मला शंका आली.

दुसऱ्या दिवशी कँटीनमधल्या एका बाईंनी ठाण्यात फोन केला. फुटलेली भिंत ट्रॅक्टरमध्ये भरतायत, एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला. कशालाही हात लावू नका, असं मी मॅनेजरला आदल्या दिवशीच बजावलं होतं. आम्ही गेटवर ट्रॅक्टर अडवला, पंचांसमोर तुकडे उतरवले. हुक मुळासकट उपटून आला होता. त्याला चिकटलेलं काँक्रीट मी नखाने खरवडलं, तर भुगा हातात आला.

क्रेनचालक निपाणीकडचा. त्याला एकट्याला बसवून चहा दिला आणि मराठीत विचारलं.

"सर, भिंत अजून कच्ची हाय म्हणून मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "मॅनेजर म्हणाले, व्हाइटफील्डच्या साइटवर गाडी जायची आहे, स्वल्प ॲडजस्ट कर, थोडं चालवून घे, नाहीतर उद्यापासून येऊ नको."

मेलेला मजूर त्याच्याच खोलीत राहायचा. त्या मजुराने दारूला कधी हात लावला नव्हता, हेही क्रेनचालकानेच सांगितलं. शवविच्छेदनातही दारूचा अंश सापडला नाही.

ठाण्यात बोलावून हुक समोर ठेवल्यावर मॅनेजर नरमला, पण त्याला दुःख वेगळंच होतं. "आमचंही नुकसान झालंय, सर. ती भिंत पुन्हा ओतावी लागली."

मी उठून बाहेर आलो. आत थांबलो असतो तर माझा हात उठला असता. बाकावर रायचूरकडून आलेली मजुराची बायको बसली होती. नवरा खरंच प्यायला होता का, एवढंच तिने विचारलं.

"नाही अक्का," मी म्हणालो. "कोर्टालाही मी तेच लिहून देणार आहे."

मॅनेजरला अटक झाली, जामीनही मिळाला. मी निवृत्त झालो तेव्हा खटला चालूच होता. अपघात झाला की पहिली चूक मेलेल्याच्या माथी मारतात, कारण तो उलट बोलू शकत नाही. त्याच्या वतीने बोलणं हे तपास अधिकाऱ्याचं काम आहे.